टप काढलेल्या जीपचा इतिहास

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरेल, तिच्या नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतील, नव्या नोंदणीला २०,००० आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये पडतील. त्यात एक अट आहे. गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालणार नाही. जुन्या वस्तूंची कदर करणारा कोणीही या अटीला सहज मान डोलावेल. पण हीच अट बीड जिल्ह्यातल्या जुन्या गाड्यांना लावली, तर जवळजवळ सगळ्या बाद होतील आणि त्यांच्याबरोबर या भागातला मोटारदुरुस्तीचा सगळा इतिहासही बाद होईल. कारण इथे गाडी जुनी झाली तीच मुळी बदलत बदलत. जी बदलली नाही ती भंगारात गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की घराच्या पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा रस्त्याकडेच्या गॅरेजात केलेले हे फेरफार गाडीच्या इतिहासातला बिघाड नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यात तोच गाडीचा इतिहास आहे, आणि मूळ रूपाचा आग्रह धरताना आपण तो खरवडून टाकतो.

टप उघडणारी जुनी मोटार म्हटलं की डोळ्यांसमोर संस्थानिक येतात. बीड ज्या राज्यात होतं त्या हैदराबादच्या निजामाकडे तशा गाड्यांची वाण नव्हती. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली पिवळ्या रंगाची रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. लंडनच्या बार्कर कंपनीने तिची बॉडी बांधली, आत सिंहासनासारखं आसन बसवलं. गाडी वापरायला महबूब अली खान राहिले नाहीत. १९११ मध्येच ते वारले. पुढे ती समारंभापुरती बाहेर पडत असे. तिच्या मीटरवरचा आकडा साडेतीनशे मैलांच्या थोडासाच पुढे गेला. बीडहून हैदराबादला एकदा जाऊन यायचं म्हटलं तरी यापेक्षा जास्त अंतर होतं. तेव्हा ती गाडी मूळ रूपात राहिली यात नवल कसलं? न वापरलेल्या गाडीचं मूळ रूप टिकतंच. त्याच राज्याच्या वायव्येकडच्या या जिल्ह्यात मोटारीकडून अपेक्षा वेगळी होती. जिल्ह्याच्या मधून बालाघाटचे डोंगर गेलेले, गोदाकाठी काळी चिकण जमीन, पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटा. रेल्वे होती ती परळीला. बीड शहराला तर आगगाडी २०२५ च्या सप्टेंबरात मिळाली. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बस घेऊन मोटारसेवा सुरू केली, ती राज्यभर पसरायला वेळ लागला. अशा ठिकाणी मोटार हौसेची वस्तू म्हणून आली नाही, आणि बऱ्याच गावांत आली तीही बरीच उशिरा.

इथल्या लोकांना उघडी मोटार कळली ती जीपच्या रूपात. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीपा बनवल्या. दारं नाहीत, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, डोक्यावर पाइपच्या कमानींवर ताणलेलं कॅनव्हास, तेही काढून गुंडाळून ठेवता येतं. राजवाड्यातल्या गाड्यांइतकीच ही पुरती उघडी गाडी. फक्त तिचा उघडेपणा सोयीचा होता. युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल विक्रीला निघाला आणि ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्द देशभर रुजला. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईत मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रं ठेवली. घोडदळाच्या त्या जुन्या छावणीच्या गावात इंजिनावर चालणारं सैन्य जिंकून आलं, ही घटना बदलत्या काळाला शोभणारीच होती. त्याच वर्षी लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने जीपांचा सौदा केला. करार दोन हजार गाड्यांचा, पोचल्या १५५. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा दुरुस्त करून विकलेल्या जुन्या जीपांवरून झाला, हे या विषयावर लिहिताना विसरता येत नाही. जुनी गाडी नव्यासारखी करून देतो असं सांगणाऱ्याकडे आपण अजूनही डोळे बारीक करून पाहतो, आणि तसं पाहण्यात चूक काही नाही.

जीप खेड्यापर्यंत पोचवली ती सरकारने. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, गटागटाला विकास अधिकारी आले, आणि त्यांच्यासोबत जीप आली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या स्थापन झाल्या. ‘बीडीओची जीप’ हे सत्तेचं चारचाकी रूप झालं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या रांगेसमोर येऊन थांबणारी गाडीही बहुधा तीच. या सरकारी जीपांचं आयुष्य कागदोपत्री संपायचं ते निर्लेखनाने. ठरलेली वर्षं भरली, ठरलेले किलोमीटर झाले, दुरुस्तीचा खर्च परवडेना, की तिचा लिलाव. कचेरीच्या आवारात चारी टायर बसलेली, आसनं फाटलेली गाडी बोली लावून उचलली जायची. आपल्या इतिहासलेखनात जीपची गोष्ट इथेच थांबते, कारण सरकारी कागद इथे संपतात. माझ्या मते ती इथून सुरू होते.

लिलावातून आलेल्या गाडीपुढे पहिला प्रश्न सुट्या भागांचा असे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर देशात पूर्ण गाडी बनवायला तयार नसलेल्या परदेशी कंपन्यांना पाय काढता घ्यावा लागला. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये मुंबईतली जोडणी बंद केली. आयातीवर निर्बंध होतेच. जीपचं नशीब इतरांपेक्षा बरं, कारण महिंद्र तिचे भाग बनवत राहिली; तरी तालुक्याच्या गावी हवा तो भाग हव्या त्या दिवशी मिळण्याची शक्यता कमीच. मग मिस्त्री जे हाताशी असेल त्यावर काम भागवायचा. पत्रा कुजला असेल तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडायचा, ठोकून सरळ करायचा, वर लांबी भरून घासायची आणि रंग मारायचा. सिलिंडर झिजले की लेथवर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे. पाटे बसले की स्प्रिंगवाल्याकडे नेऊन त्यांना पुन्हा बाक द्यायचा, भार वाढणार असेल तर एखादं पान वाढवायचं. पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट अनेकांनी उतरवून ठेवला, कारण डांबरी रस्त्यावर तो नुसतं इंधन खातो. कॅनव्हासचा टप फाटला की कुशनवाला ताडपत्री किंवा रेग्झिन शिवून द्यायचा, आणि मालकाला पावसापेक्षा उन्हाचा जाच जास्त वाटला तर वर पत्र्याचं छत चढायचं. टप काढणं आणि घालणं हा इथे हौसेचा खेळ नव्हता. लग्नसराईत आणि निवडणुकीत तो उतरायचा, कारण नवरदेव किंवा उमेदवार गर्दीला दिसला पाहिजे; एरवी तो चढलेलाच असायचा.

या सगळ्यात मोठा फेरफार इंजिनाचा. जीपचं मूळ पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, मजबूत, पण तहानलेलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल सामान्य मालकाच्या हाताबाहेर गेलं आणि डिझेल बरंच स्वस्त राहिलं, तेव्हा पेट्रोल इंजिन उतरवून त्याजागी डिझेल बसवण्याची लाटच आली. कुठे पर्किन्स, कुठे मॅटाडोरचं, कुठे ट्रॅक्टरच्या जातीचं. इंजिन बदललं की नुसतं इंजिन बदलत नाही. त्याचं वजन जास्त, म्हणून पुढचे पाटे बदलायचे. ते थरथरतं जास्त, म्हणून माउंटिंग नव्याने वेल्डिंग करायचं. त्याचे फेरे कमी, म्हणून गिअरशी जुळवणी करायची. हे हिशेब मिस्त्री कागदावर मांडत नसे. त्याने आधी कोणाच्या तरी हाताखाली पाने उचलून दिलेले असत आणि तिथेच तो शिकलेला असे. मराठवाड्यातल्या गॅरेजात गुरूला आजही ‘उस्ताद’ म्हणतात, आणि दखनी, मराठी, इंग्रजी यांची सरमिसळ असलेली ती कामाची बोली एखाद्या अभ्यासकाने कधीतरी नीट टिपून ठेवायला हवी.

आता हे सगळं ‘मूळ रूप बिघडवणं’ होतं का? कारखान्याकडे पाहिलं की उत्तर अवघड होतं. महिंद्रने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली आणि त्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून आलेलं २.३ लिटरच्या घरातलं डिझेल इंजिन पुढे आपल्या जीपांत बसवलं. ‘सीजे ५०० डी’ ही त्यातलीच. नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं डिझेल इंजिन आलं, ते ‘एमएम ५४०’ मध्ये बसलं. म्हणजे शेडमधल्या मिस्त्रीने जे केलं तेच कंपनीनेही केलं, फक्त तिच्या कामाला माहितीपुस्तक मिळालं आणि मिस्त्रीच्या कामाला ‘जुगाड’ हे नाव. ट्रक-बसचं तर विचारूच नये. कंपनी चासी द्यायची, बॉडी बांधायचं काम गावोगावच्या कारागिरांचं. एसटी महामंडळसुद्धा चासी विकत घेऊन छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बसची बॉडी स्वतः बांधत आलं आहे. आपल्या रस्त्यांवरचं निम्मं वाहन कंपनीने कधी बनवलंच नव्हतं. मग कारखान्याच्या दारातून बाहेर पडतानाचा क्षण हाच गाडीचा खरा क्षण, ही कल्पना भारतीय मोटारीला लागू करायची ती कोणत्या आधारावर?

बीडमधल्या फेरफारांमागे आणखी एक रेटा होता, तो माणसं वाहून नेण्याचा. एसटी जिथे दिवसातून एकदा जायची तिथे काळी-पिवळी दिवसभर जायची. चासी लांबवलेल्या, मागे समोरासमोर बाकं टाकलेल्या या जीपांनी आष्टी-पाटोद्यापासून धारूर-केजपर्यंतच्या बाजारांना माणसं पुरवली. उसाच्या हंगामात मुकादमाला टोळ्या जमवायला, उचल वाटायला गाव न् गाव फिरावं लागे, आणि त्यासाठी रस्ता नसला तरी चालणारी गाडी लागे. ऊसतोडीच्या जगात वाहनानुसार कामाचे प्रकारच पडले आहेत: लाकडी चाकांच्या बैलगाडीचं ‘गाडी सेंटर’, रबरी टायरच्या गाडीचं ‘टायर सेंटर’, डोक्यावर मोळी वाहून ट्रक भरायचं ‘डोकी सेंटर’. बैलगाडीला मोटारीचं चाक बसवणारा आणि जीपला ट्रॅक्टरचं इंजिन बसवणारा समाज एकच आहे. हाताशी असलेल्या वस्तूतून उद्याचं काम निघालं पाहिजे ही त्याची निकड होती. या निकडीला ‘अस्सल नाही’ म्हणणं म्हणजे गरज नसलेल्यांच्या गाड्यांना तेवढं अस्सल म्हणणं झालं.

यावर जाणकार संग्राहकाचा आक्षेप असा की मूळ रूप हाच पुरावा असतो. १९४५ ची जीप कशी होती हे १९७८ मध्ये डिझेल इंजिन घातलेल्या जीपवरून कसं कळणार? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. १९४५ ची जीप कशी होती हे साडेसहा लाखांतल्या हजारो जपलेल्या गाड्या, लष्करी पुस्तिका आणि नकाशे सांगतात. १९७८ मध्ये मराठवाड्यात ती कशी चालत होती, हे मात्र ती एकच गाडी सांगू शकते. वास्तूंच्या बाबतीत हा वाद जगाने केव्हाच सोडवला आहे. १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा सांगतो की वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली रास्त भर जपली पाहिजे. शैली एकसारखी करणं हा जतनाचा हेतू नव्हे. त्याचाच आधार घेऊन जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, २०१२ मध्ये तुरिनचा जाहीरनामा मान्य केला आणि वापराच्या काळात झालेल्या बदलांकडेही गाडीच्या इतिहासाचा भाग म्हणून पाहिलं. आपल्याला त्यासाठी युरोपात जायचीही गरज नाही. परळीच्या वैजनाथाचं मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलं. अहिल्याबाईंचं काम वगळून त्याआधीचं ‘मूळ’ मंदिर शोधा, असं कोणी म्हणत नाही. तिथे अहिल्याबाईंचं नाव आदराने सांगितलं जातं. मिस्त्रीचं नाव मात्र कुठेच नोंदलेलं नसतं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हलका मानत नाही. लांबवलेल्या चासीचा जोड भर रस्त्यात सुटला, जड इंजिनाला मूळचे ब्रेक पुरले नाहीत, दहा जणांच्या गाडीत वीस जण बसले, तर त्याची किंमत माणसांनी चुकवली आहे. काळी-पिवळीच्या अपघातांच्या बातम्या वाचत मराठवाडा मोठा झाला आहे. तिथे परंपरेची ढाल पुढे करणं निर्लज्जपणा होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून फारकत होईल असा बदल करायला मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड ठेवला. रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीला हे लागू असावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण रस्त्यासाठीचा नियम आणि वारशाची कसोटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पूर्वी बदल करताना नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, त्याची संमती घ्यायची आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर, नवं इंधन चढवून घ्यायचं, अशी रीत होती. ती सगळ्यांनी पाळली असं नव्हे. पण जिथे पाळली तिथे गाडीचं अख्खं चरित्र त्या मळकट पुस्तकात उतरलं: कोणत्या कचेरीतून आली, कधी डिझेल झाली, कोणाकोणाच्या नावावर फिरली. गाडी सुरक्षित आहे का, हे ब्रेक तपासून ठरवता येतं. त्यासाठी तिने आपलं चरित्र नाकारण्याची गरज नाही.

तिसरी हरकत अशी येईल की हे गरिबीचं कौतुक झालं, आणि त्याआड आजचे हौशी फेरफारही खपवले जातील. मोठे टायर, कर्कश सायलेन्सर, रांगेने दिवे लावलेल्या नव्या गाड्या गावोगाव दिसतात. हरियाणातलं मंडी डबवाली तर जुन्या जीपांपासून नवी उघडी जीप बांधून देशभर पाठवण्यासाठी प्रसिद्ध आहे. यातलं सगळंच मला सुंदर वाटत नाही, आणि सायलेन्सरच्या बाबतीत तर मी पोलिसांच्या बाजूचा आहे. फरक ओळखायची खूण म्हणजे बदलामागचं कारण. बाक लांबवलं ते बाजाराला जाणाऱ्यांसाठी. दिव्यांची रांग लावली ती फोटोसाठी. फोटोसाठीचाही इतिहास असतो, पण तो २०१० नंतरचा आहे आणि त्याचं वय झाल्यावर त्याच्याकडे पाहू. खरी काळजी वेगळ्याच हौसेची वाटते, ती म्हणजे उलट्या दिशेने केलेल्या जीर्णोद्धाराची. बीडीओकडून लिलावात गेलेली, पुढे डिझेल झालेली, वीस वर्षं काळी-पिवळी म्हणून राबलेली जीप कोणी हौसेने घेतो, तिचे सगळे थर खरवडतो, बॉनेटवर पांढरा तारा काढतो आणि तिला १९४४ च्या युद्धातली गाडी बनवतो. जी लढाई तिने कधी पाहिली नाही तिची ती साक्षीदार होते, आणि ज्या दुष्काळी कामावर ती गेली होती त्याचा मागमूस उरत नाही. मूळ रूपाच्या नावाखाली झालेलं हे बनावट काम आहे. गंमत अशी की तिला खरा लष्करी रंगही देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलांच्या वाहनांपुरता राखलेला आहे. मूळ रूप मागणाऱ्या कायद्याच्याच दुसऱ्या पानावर मूळ रंगाला बंदी आहे.

म्हणून घरच्या शेडमध्ये अशी गाडी उघडणाऱ्याने आधी पाना न उचलता काय काय सापडतं ते लिहून काढावं: चासीवरचे जोड कुठे आहेत, इंजिनाच्या पट्टीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे, रंगाच्या थरांखाली सरकारी पांढरा निघतो की पिवळा. आरसी बुक जपावं, ब्रेक आणि स्टिअरिंग आजच्या मापाने सुरक्षित करावं, आणि डिझेल इंजिन धड चालत असेल तर केवळ ते ‘चुकीचं’ आहे म्हणून काढू नये. व्हीए नोंदणीत ‘वापरकाळातील नोंदलेले बदल’ असा एक रकाना वाढवायला सरकारला फारसं काही लागणार नाही. नाही वाढवला, तर येत्या काही वर्षांत एक विचित्र पेच उभा राहील. कारखान्यातून ट्रॅक्टरच्या वंशाचं डिझेल इंजिन घेऊनच बाहेर पडलेल्या जीपांना पन्नास वर्षं पूर्ण होतील, आणि नियमाप्रमाणे त्या व्हिंटेज ठरतील. त्याच जातीचं इंजिन माजलगावच्या एखाद्या गॅरेजात कंपनीच्याही आधी बसवून घेतलेली, वयाने वडील असलेली जीप अर्ज घेऊन त्याच खिडकीशी येईल, आणि मूळ रूप नाही म्हणून परत पाठवली जाईल.